जुना गॅलेक्सी एस १० : घेण्याआधी काय तपासायचं, घेतल्यावर कसा जपायचा

सॅमसंगचा गॅलेक्सी एस १० मार्च २०१९ मध्ये विक्रीला आला, तेव्हा भारतात त्याची किंमत ६६,९०० रुपये होती. आज तो तालुक्याच्या दुकानात किंवा नागपूरला सीताबर्डीत जुना म्हणून मिळतो. ६.१ इंची अमोलेड स्क्रीन, ८ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, तीन कॅमेरे, मेमरी कार्डाची सोय आणि इअरफोनचं साधं गोल भोक. आजच्या स्वस्त नव्या फोनच्या शेजारी ठेवला तरी स्क्रीन आणि फोटो यांत तो कमी पडत नाही. हे सामान लवकर म्हातारं होत नाही. म्हातारी होते ती बॅटरी, चार्जिंगचं तोंड आणि सॉफ्टवेअर. म्हणून भाव करण्याआधी या तीन गोष्टी बघायच्या, आणि नव्या बॅटरीचा खर्च फोनच्या किमतीतच धरायचा.

दुकानात उभं राहून

आधी सेटिंग्जमध्ये जाऊन अबाउट फोन उघडा. मॉडेल नंबर एसएम-जी९७३एफ असेल तर तो आपल्याकडे विकला गेलेला, एक्सिनॉस ९८२० प्रोसेसरचा फोन. शेवटी एफच्या जागी यू असेल तर फोन अमेरिकेतून आलेला आहे. त्यात स्नॅपड्रॅगन ८५५ असतो आणि तो चांगलाच आहे, पण आपल्याकडचं व्होल्टे, म्हणजे ४जीवरून होणारा कॉल, त्यात चालेलच असं नाही. जिओला टूजी-थ्रीजी नाही. त्यामुळे व्होल्टे नसेल तर इंटरनेट चालेल, पण साधा कॉल लागणार नाही. आपलं सिम टाकून कॉल लावूनच बघा, आणि कॉल चालू असताना वर व्होल्टेची खूण दिसते का तेही पाहा. एस १० ला ५जी नाही. ५जी असलेलं मॉडेल वेगळं होतं.

मग *#०६# दाबा. आलेला १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, डब्यावरच्या नि बिलावरच्या नंबराशी जुळवा. इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून, एक जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर फोन कितीही स्वस्त असो, परत द्या.

त्यानंतर *#०*# दाबा, तपासणीचा मेनू उघडतो. लाल, हिरवा, निळा असे एकेक रंग पूर्ण स्क्रीनवर आणा. वरच्या पट्टीत घड्याळाची किंवा खाली बटणांची पुसट सावली दिसली तर स्क्रीन जळलेली आहे. ती सावली जात नाही. एखादी उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ दिसली तर तो सौदा सोडाच, कारण या फोनचा सगळ्यात महाग भाग स्क्रीनच आहे. टच निवडून सगळे चौकोन बोटानं रंगवा. कडा वाकलेल्या आहेत, तिथे हमखास एखादा चौकोन राहतो.

कॅमेऱ्यात प्रो मोड उघडून एफ १.५ (मोठं भोक) आणि एफ २.४ (लहान भोक) आलटून पालटून दाबा आणि फोन उलटा करून भिंगाकडे बघा. तिघांपैकी एका भिंगात बारीक काळी पाती आत सरकून भोक लहान होताना डोळ्यांनी दिसतं. पाती हलली नाही तर तो कॅमेरा बिघडलेला आहे. फोन हलवल्यावर आतून बारीक खुळखुळ येते ती मात्र दोष नाही. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग तरंगतं ठेवलेलं असतं, त्याचा तो आवाज.

शेवटी मालकाला त्याचं गुगल आणि सॅमसंग खातं तुमच्यासमोर काढायला लावा. सेटिंग्जमधून फॅक्टरी रीसेट करा आणि इंटरनेट जोडून फोन पुन्हा सुरू करा. हप्त्यावर घेतलेला आणि हप्ते थकलेला फोन असेल तर फायनान्सचं कुलूप बहुतेक इथेच समोर येतं. नंतर सिक्युअर फोल्डर, म्हणजे सॅमसंगचा कुलूपबंद कप्पा, उघडून बघा. ते तयारच झालं नाही तर कुणीतरी फोन रूट केलेला आहे, म्हणजे त्याच्या मूळ सॉफ्टवेअरची बंधनं तोडलेली आहेत, आणि आतला नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज कायमचा उडालेला आहे. असा फोन बँकेच्या कामाला घेऊ नका.

बॅटरी

मूळ बॅटरी ३४०० एमएएचची. इतक्या वर्षांच्या वापरानंतर ती दुपारीच मान टाकत असेल तर नवल नाही. ४० टक्के दाखवत असताना फोन एकदम बंद पडतो, हे थकलेल्या बॅटरीचं पक्कं लक्षण. मागच्या काचेच्या कडेनं नख फिरवा. कुठे फट लागली किंवा काच उचललेली वाटली तर बॅटरी फुगलेली आहे, तो फोन चार्जिंगला लावायचाच नाही.

बदलताना ईबी-बीजी९७३एबीयू हा नंबर बघून घ्या. मागची काच चिकटवलेली असते. कारागिरानं ती गरम हवेनं सैल करून, सक्शन लावून, प्लॅस्टिकच्या पातीनं उघडायला हवी. बॅटरीही खाली चिकटवलेली असते. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून वाट बघावी लागते. लोखंडी पेचकसानं उचकटायला घेतली तर बॅटरीला भोक पडून आग लागू शकते, म्हणून काम समोर बसून करून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, नव्यात दीड मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा हा फोन एकदा उघडला की ती हमी संपली. न उघडलेल्या फोनचाही डिंक आता जुना झालेला आहे. पावसात निघताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

कापूस आणि चार्जिंगचं तोंड

आपल्याकडे या फोनची सर्वात जास्त येणारी तक्रार म्हणजे ‘चार्जिंग घेत नाही’, आणि बरेचदा त्याचं कारण कापूस असतो. वेचणीच्या दिवसांत सदऱ्याच्या खिशात बारीक तंतू साचतात आणि टाइप-सीच्या भोकात शिरतात. दर वेळी पिन खोचली की ते तळाशी दाबले जातात, आणि काही दिवसांत तिथे नमद्यासारखा करडा थर बसतो. मग पिन पूर्ण आत जात नाही. निरोगी तोंडात पिन ‘टक्’ करून बसते आणि तिचा धातू बाहेर दिसत नाही. एखादा मिलिमीटर जरी दिसत असेल तरी कचराच समजा.

फोन पूर्ण बंद करा. लाकडी दातकोरणीचं टोक ब्लेडनं चपटं करून घ्या, टॉर्चच्या उजेडात बाहेरच्या भिंतीला धरून हळू फिरवा आणि कचरा बाहेर ओढा. मधल्या जिभेला हात लावू नका. सगळे संपर्क तिच्यावरच असतात. सुई किंवा टाचणी कधीच नको. तोंडानं फुंकूही नका, श्वासाची वाफ आत बसते. स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाची खूण आली, म्हणजे तोंडात ओल आहे असा इशारा आला, तर केबल काढून फोन सावलीत सुकू द्या. कूलरच्या समोरच्या खिडकीत फोन ठेवला तरी ही खूण येऊ शकते. तुरीच्या मळणीनंतर स्पीकरची जाळी कोरड्या मऊ ब्रशनं झाडा.

चार्जिंग लावल्यावर स्क्रीनवर ‘फास्ट चार्जिंग’ असे शब्द यायला हवेत. नाही आले तर आधी केबल बदला. हा फोन १५ वॅटच घेतो, २५ वॅटचा चार्जर घेऊन फायदा नाही. चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप चालत असेल तर फोन बिघडला असं धरू नका. स्वस्त चार्जर आणि घरात अर्थिंग नसणं यामुळेही असं होतं. केबल काढल्यावर थांबलं तर दोष चार्जरचा. तोंड पूर्ण गेलं तरी फोन मरत नाही, बिनतारी चार्जिंगच्या थाळीवर तो चार्ज होतो.

ऊन

कंपनीनं हा फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवला आहे. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर जातो. त्यामुळे वावरात स्क्रीन अचानक मंद होणं, कॅमेऱ्याचा फ्लॅश न चालणं, चार्जिंग थांबणं हा बिघाड नाही, फोन स्वतःला वाचवत असतो. कव्हर काढून सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. भर उन्हात स्क्रीन दिसत नसेल तर अ‍ॅडाप्टिव्ह ब्राइटनेस चालू ठेवा. तो चालू असतानाच स्क्रीन पूर्ण तेजावर जाते, हातानं पट्टी ओढून तितका उजेड मिळत नाही.

मोटरसायकलच्या हँडलला फोन बांधण्याची सवय मोडा. तरंगत्या भिंगाला हादरे सोसत नाहीत. अ‍ॅपलनं २०२१ साली आपल्या फोनबद्दल हीच सूचना दिली होती, आणि एस १० मधली रचना त्याच जातीची आहे.

रोजचा वापर

ठसा ओळखणारा सेन्सर स्क्रीनखाली आहे आणि तो ध्वनिलहरींनी काम करतो. बाजारातली साधी टेम्पर्ड ग्लास लावली की मध्ये हवा राहते आणि ठसा लागत नाही. पातळ फिल्म किंवा पूर्ण डिंकावर बसणारी काचच लावा, आणि ठसे त्यानंतर नव्यानं नोंदवा. शेतकामानं बोटं खरखरीत झाली असतील तर एकच अंगठा दोनदा नोंदवा. तरीही त्रास होत असेल तर याच मालिकेतला एस १० ई बघा. त्याचा सेन्सर बाजूच्या बटणात आहे आणि स्क्रीन सपाट आहे. बॅटरी मात्र ३१०० एमएएचची.

बोंडअळीचा किंवा पानावरच्या डागाचा फोटो काढताना रुंद भिंग वापरू नका. त्याचा फोकस ठरीव आहे, जवळचं धूसर येतं. मुख्य भिंगानं पाऊण-एक फुटावरून काढा. ई-पीक पाहणीसाठी आधी लोकेशन चालू करून झाडाबाहेर उघड्यावर एक-दोन मिनिटं थांबा, मगच अ‍ॅप उघडा.

अँड्रॉइड १२ हा या फोनचा शेवटचा टप्पा, सुरक्षेचे अपडेटही बंद झाले आहेत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर योजनेच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावानं येणारी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकणारी फाइल, उघडू नका. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधा आणि यादीतल्या प्रत्येक अ‍ॅपसमोरचं बटण बंद करा.