सायफर आधी हाताने फोडा, मग आपल्या फाइलींना कुलूप लावा

एन्क्रिप्शनबद्दल, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर करण्याबद्दल, वाचायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत एईएस, आरएसए, २५६ बिट असले शब्द अंगावर येतात आणि आपण गुपचूप टॅब बंद करतो. मी पण दोनतीनदा केलंय. शेवटी डोक्यात शिरलं ते कागद-पेन घेऊन बसल्यावर, म्हणून इथेही सुरुवात तिथूनच करू. सायफर म्हणजे मजकूर गुप्त करायची पद्धत.

पायरी १: सीझरचं सायफर

क पासून ळ पर्यंतची ३४ व्यंजनं एका ओळीत लिहा (क्ष, ज्ञ सोडा, ती जोडाक्षरं आहेत). आता प्रत्येक व्यंजनाच्या जागी तीन घरं पुढचं व्यंजन घ्यायचं, ओळ संपली की परत क पासून, स्वर आणि मात्रा आहेत तशाच ठेवायच्या. ज्युलियस सीझर आपल्या पत्रांत हेच तीन घरांचं गणित वापरायचा, फक्त लॅटिन अक्षरांवर.

‘किल्ली घरी आहे’ चं होतं ‘घिष्षी छशी आखे’.

दिसायला एकदम गूढ, पण जरा टक लावून बघा. शेवटचा शब्द ‘आखे’, म्हणजे आ, मग काहीतरी, मग ए ची मात्रा. मराठी वाक्याच्या शेवटी असा शब्द म्हटल्यावर ‘आहे’ शिवाय दुसरं काय सुचणार? ह चा ख झालाय हे कळलं की किती घरं सरकवलंय (हीच या सायफरची किल्ली) तेही कळलं, खेळ खल्लास. आणि हे सुचलं नाही तरी एकूण ३३ च शक्यता आहेत, चहा गार व्हायच्या आत सगळ्या तपासून होतील.

पायरी २: जरा अवघड करा, आणि तेही फोडा

आता सरळ सरकवू नका. ३४ चिठ्ठ्या करून मिसळा आणि जे येईल ते अक्षर त्या जागी बसवा. अशा जोड्या किती प्रकारे लागतात? ३४ फॅक्टोरियल (३४ × ३३ × ३२ असं १ पर्यंत), म्हणजे ३९ आकडी संख्या. गंमत अशी की १२८ बिटच्या (म्हणजे १२८ शून्य-एकांच्या) किल्लीच्या शक्यतासुद्धा ३९ आकडीच आहेत! म्हणजे आपलं चिठ्ठ्यांचं सायफर किल्ल्यांच्या संख्येत एईएस-१२८ च्या, म्हणजे आज सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या सायफरच्या, जवळपास गेलं की.

तरीपण एखादं पानभर मजकूर असेल तर ते एका दुपारीत फुटतं, कारण किल्ल्या कोणी मोजतच बसत नाही, अक्षरं मोजतात. र, त, य, न सारखी अक्षरं पानोपानी येतात आणि ङ, ञ शोधूनही सापडत नाहीत, त्यामुळे गुप्त मजकुरात जे चिन्ह सगळ्यात जास्त वेळा दिसेल ते यांच्यापैकीच कोणीतरी असणार, मग अंदाज लावायचा, एखादा शब्द जुळला की पुढची अक्षरं उलगडत जातात. ही युक्ती ९ व्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने लिहून ठेवलीय. आणि वरचं ‘ष्ष’ आठवतंय? मूळ शब्दात ‘ल्ल’ होतं. अक्षर बदललं पण जोडी तशीच राहिली, मूळ मजकुराचा आकार बाहेरून दिसतोय. चांगल्या सायफरचं काम हा आकार पुसायचं असतं.

म्हणून एक विनंती, स्वतःचं सायफर फक्त गंमत म्हणून बनवा, त्यात खरा डेटा ठेवू नका. ‘माझी पद्धत कोणाला माहीतच नाही’ हा भरवसा काही कामाचा नाही, केर्कहॉफ्स या सायफरतज्ज्ञाने १८८३ मध्येच सांगितलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, लपवायची ती फक्त किल्ली. एईएस तसंच आहे, दोन बेल्जियन संशोधकांचं डिझाइन, खुल्या स्पर्धेत जगभरच्या लोकांनी ठोकून बघितल्यावर २००१ मध्ये स्टँडर्ड झालं. त्याच्या आधीचं स्टँडर्ड डीईएस ५६ बिटचं, ते १९९८ मध्ये एका खास मशीनने तीन दिवसांच्या आत एकामागून एक किल्ल्या फिरवून उघडलं.

कोड लिहिणाऱ्यांसाठी एवढंच: एईएस ईसीबी मोडमध्ये वापरू नका, त्यात सारखा ब्लॉक (मजकुराचा ठरावीक लांबीचा तुकडा) सारखाच बाहेर पडतो, म्हणजे पुन्हा तेच ‘ष्ष’. जीसीएम मोड घ्या, आणि एकाच किल्लीवर तोच नॉन्स (दर वेळी नवा घ्यायचा आकडा) दुसऱ्यांदा वापरू नका.

पायरी ३: आता खरी फाइल

सगळ्यात सोपं म्हणजे सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम, फुकट आहे. फाइलवर राइट क्लिक, आर्काइव्हमध्ये टाका, फॉरमॅट सेव्हन-झेड निवडा, पासवर्ड टाका. झिपच फॉरमॅट हवा असेल तर एन्क्रिप्शनच्या जागी झिपक्रिप्टो दिसेल, ते जुनं आणि कच्चं आहे, बदलून एईएस-२५६ करा. आणि सेव्हन-झेडमध्ये फाइलींची नावं एन्क्रिप्ट करायचा चौकोन असतो त्यावर टिक करायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. आतलं काही उघडत नव्हतं हे खरं, पण नावं इतकी सविस्तर दिलेली की उघडायची गरजच नव्हती, यादी वाचूनच सगळं कळत होतं.

पायरी ४: पासवर्ड

खरी मेख इथे आहे. सायफर कितीही तगडं असलं तरी पासवर्ड नाव आणि जन्मसाल असेल तर फोडणारा सायफरकडे बघणारसुद्धा नाही. फासे टाकून शब्द निवडा: पाच फासे टाकले की ७७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द मिळतो, असे सहा शब्द घेतले की साधारण ७७ बिट होतात. शब्द फाशांनीच निवडायचे हं, आपल्या मनाने ‘रँडम’ निवडलेले शब्द रँडम नसतात. पासवर्ड देवनागरीत टाकायचा मोह मात्र आवरा, ऱ सारखं अक्षर दोन कीबोर्ड दोन वेगळ्या कोडने टाइप करू शकतात, डोळ्याला सेम दिसतं पण कुलूप उघडत नाही.

फाइल मेलने पाठवली तर पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. नेहमीची देवाणघेवाण असेल तर जीएनयूपीजी हा प्रोग्रॅम शिका, त्यात समोरच्याची पब्लिक की घेऊन कुलूप लावायचं आणि ते उघडायची प्रायव्हेट की फक्त त्याच्याकडे, त्यामुळे पासवर्ड पाठवायचा प्रश्नच नाही. ती पब्लिक की खरंच त्याचीच आहे ना, हे तिचं फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारा अक्षर-आकड्यांचा कोड) वाचून दाखवून एकदा पक्कं करा.

पायरी ५: मूळ फाइल

लोक इथेच गंडतात. एन्क्रिप्ट केलेली कॉपी तयार झाली पण मूळ फाइल तिथेच बाजूला पडलेली. आधी नवीन फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून उघडून बघा, आतलं सगळं नीट आहे ना ते तपासा, मगच मूळ उडवा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. एसएसडीवर (चिप्सच्या डिस्कवर) डिलीट केलेलं लगेच पुसलं जाईलच असं नाही, त्यामुळे लॅपटॉपची पूर्ण डिस्कच एन्क्रिप्ट केलेली बरी: विंडोजला बिटलॉकर, मॅकला फाइलव्हॉल्ट, लिनक्सला लक्स. तेव्हा रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर उघडायची पर्यायी किल्ली) मिळाली तर ती कागदावर लिहा आणि त्या लॅपटॉपच्या बॅगेत सोडून कुठेही ठेवा.