ऑइल प्रेशरचा जादा सेन्सर बसवताना या चुका टाळा

माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत, म्हणजे १९८९ च्या गाडीत, डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा खरा होता. १९९५ च्या मॉडेलपासून तो नावापुरता उरला. इंजिनवर सेन्सरच्या जागी साधा स्विच आला, आणि थोडंफार प्रेशर असलं की काटा मध्यावर जाऊन बसतो. आत ४ बार असो की १ बार, काटा तिथेच. म्हणून ही गाडी ट्रॅकवर नेणारे आधी जादा सेन्सर बसवतात.

बसवावाच. पण हे काम म्हणजे इंजिनच्या ऑइल गॅलरीला (ऑइल वाहून नेणाऱ्या आतल्या मार्गाला) एक नवीन तोंड देणं, हे विसरू नका. मीटर चुकीचा आकडा दाखवत असेल तर फार तर डोकं खाजवाल. फिटिंग तुटली तर भर वेगात ऑइल बाहेर जातं आणि बेअरिंग जाम होतात. म्हणून आधी ऑइल बाहेर सोडणाऱ्या चुका पाहू, खोटं बोलणाऱ्या नंतर.

आटे न मोजता फिटिंग फिरवणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. एमएक्स-५ च्या ब्लॉकवर, फिल्टरजवळ, मूळ स्विचचे आटे १/८ बीएसपीटी (ब्रिटिश पद्धतीचे निमुळते पाइपचे आटे) आहेत: इंचाला २८ आटे, कोन ५५ अंश. बाजारातले बरेच सेन्सर १/८ एनपीटीचे (अमेरिकन पद्धतीचे) असतात: इंचाला २७ आटे, कोन ६० अंश. तिसरा भाऊ म्हणजे युरोपीय गाड्यांतला एम१० बाय १ (१० मिमीचा मेट्रिक आटा). तिघांचा पिच (दोन आट्यांतलं अंतर) अनुक्रमे ०.९०७, ०.९४१ आणि १ मिमी. टेबलावर शेजारी ठेवले तर नुसत्या नजरेने फरक कळत नाही.

फरक हाताला मात्र कळतो. योग्य फिटिंग सुकी, पान्याशिवाय, साडेतीन-चार फेरे आत जाते आणि हळूहळू घट्ट होते. चुकीची दीड-दोन फेऱ्यांतच अडते आणि वर जराशी डुलते. इथे पाना लावून ‘बसेल’ म्हणणाऱ्याचे बीडाच्या ब्लॉकमध्ये फिटिंगचे आटे सोलून निघतात. ॲल्युमिनियमचं हाउसिंग असेल तर तेच तडकतं, कारण टेपर (टोकाकडे निमुळती) फिटिंग पाचरीसारखी भोक फाकवते. आट्यांचा पिच मोजणारा थ्रेड गेज घ्या आणि काढलेल्या मूळ स्विचवर लावून बघा. ब्लॉकच्या बाजूला बीएसपीटी आणि सेन्सरच्या बाजूला एनपीटी असा तयार ॲडॉप्टर मिळतो, तोच वापरा. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पितळी फिटिंग बीएसपी घराण्यातली असते आणि मीटरच्या डब्यातला सेन्सर बहुधा एनपीटीचा. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पितळी टी आणि तिच्यावर लोंबणारा सेन्सर

ब्लॉकमध्ये टी (तीन तोंडांची फिटिंग), टीच्या एका तोंडाला मूळ स्विच, दुसऱ्याला डबीएवढा जाड सेन्सर. फोटोत छान दिसतं. पण इंजिन थरथरतं तेव्हा ते सगळं वजन त्या १/८ च्या मानेवर हिंदकळत असतं. पितळ एकदम मोडत नाही. आट्याच्या शेवटच्या खाचेत बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस मान तुटते.

उपाय सरळ आहे: सेन्सर इंजिनवर ठेवायचाच नाही. ब्लॉकमध्ये स्टीलचा ॲडॉप्टर, तिथून डॅश-४ मापाची स्टील ब्रेडेड (वरून स्टीलची जाळी असलेली) होज, आणि सेन्सर व टी आतल्या मडगार्डच्या किंवा फायरवॉलच्या पत्र्यावर ब्रॅकेटने पक्के. होजला थोडी ढील ठेवा, इंजिन माउंटवर हलतं. रबर लावलेले पी-क्लिप वापरा. उघडी स्टीलची जाळी करवतीसारखी असते, वायरिंग घासून कापते. ब्लॉककडच्या टोकाला १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर (प्रवाह रोखणारा तुकडा) घातला तर पुढे होज फुटली तरी ऑइल धारेने जात नाही. होजमध्ये ऑइल वाहत नाही, नुसतं दाबाखाली उभं असतं, त्यामुळे आकडा बदलत नाही. थंड, घट्ट ऑइलमध्ये काटा क्षणभर उशिरा चढेल, एवढंच.

मूळ स्विच काढून टाकू नका. टीच्या एका तोंडावर तो राहिलाच पाहिजे. सेन्सर किंवा त्याची वायर गेली तर डॅशबोर्डवर तेवढाच साक्षीदार उरतो.

मेकॅनिकल मीटरची बारीक नळी ऑइलसकट केबिनमध्ये नेणं हा प्रकार तर नकोच. नळी फुटली की गरम ऑइल पायावर.

टेफ्लॉन टेप

नळाला लावतो तशी गुंडाळली की पुढचं टोक आत कापलं जातं. तो धागा सेन्सरच्या टाचणीएवढ्या भोकात बसतो नाहीतर गॅलरीत जातो. पाइप फिटिंगसाठीचा सीलंट घ्या, उदाहरणार्थ लॉक्टाइट ५६७, आणि पुढचे एक-दोन आटे कोरडे ठेवा. हाताने घट्ट झाल्यावर दीड ते दोन फेरे पुरे. मूळ स्विचला मॅन्युअलमधला टॉर्क पाळा. होजच्या ३७ अंशांच्या फ्लेअर जोडाला मात्र काहीही लावायचं नाही. तिथे धातूवर धातू बसून सील होतं, सीलंट लावल्याने उलट गळतं.

अर्थ आणि मीटरची जोडी

इथे एक गंमत आहे. होजवर सेन्सर नेऊन वरची चूक टाळली की ही हमखास होते. एका वायरचा सेन्सर आपला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) आट्यांतून ब्लॉककडून घेतो. रंगवलेल्या पत्र्यावर, रबरी क्लिपमध्ये तो अर्थ जातो. सेन्सरच्या धातूपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटर लावा, अर्ध्या ओहमपेक्षा जास्त दिसलं तर वेगळी अर्थ वायर ओढा. दोन वायरींचा सेन्सर घेतला तर हा ताप मुळातच नाही.

जोडी जुळते का तेही पाहा. युरोपीय पद्धतीचे सेन्सर साधारण १० ते १८० ओहमचे, प्रेशरबरोबर रोध वाढणारे. अमेरिकन पद्धतीचे २४० ते ३३, प्रेशरबरोबर कमी होणारे. मिसळले की काटा उलटा पळतो. तीन वायरींचा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो. १० बारच्या सेन्सरला दर बारमागे ०.४ व्होल्ट. त्याला थेट १२ व्होल्ट दिले तर पुढचं सांगायला नको.

पहिला स्टार्ट

इंजिन थंड, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला आणि गाडी घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर) असेल तेव्हाच स्विच काढा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. काम झाल्यावर बॅटरी जोडा, पण इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसतं फिरेल. दहा-दहा सेकंद क्रँक करा. काटा हलला की कनेक्टर लावून स्टार्ट करा. दोन मिनिटं आयडलवर, टॉर्च घेऊन प्रत्येक जोड पाहा. मग इंजिन पूर्ण गरम करून ३००० आरपीएमवर पुन्हा. फिटिंगखाली पांढरा टिश्यू धरला तर बारीक पाझरही दिसतो. ओल दिसली तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच हात घाला. दाबाखाली, गरम फिटिंग ‘जरा आवळून’ बघणं हा भाजून घेण्याचा मार्ग. ५० किमीनंतर आणि ट्रॅकवरच्या पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासा.

काटा विचित्र वागतो तेव्हा

१०-१८० च्या सेन्सरवर काटा वरच्या टोकाला चिकटला तर वायर तुटली किंवा अर्थ गेला. शून्यावर पडला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली. २४०-३३ मध्ये हेच उलटं. तीन वायरींच्या सेन्सरचा सिग्नल ०.५ व्होल्टच्याही खाली असेल तर आधी त्याला ५ व्होल्ट पोचतात का ते बघा. इंजिन बंद असताना १ बार दिसत असेल तर ॲब्सोल्यूट प्रकारचा सेन्सर घेतला गेलाय, तो हवेचा दाबही मोजतो. आरपीएमबरोबर काटा थरथरत असेल तर वायर कॉइल किंवा अल्टरनेटरजवळून गेली आहे.

थंड इंजिनवर ५ बार आणि गरम झाल्यावर आयडलला बरंच कमी, यात बिघाड काही नाही. गरम इंजिनला दर १००० आरपीएममागे साधारण ०.७ बार हा जुना ठोकताळा. मात्र लांब वळणात काटा खाली पडून सरळ रस्त्यावर परत वर येत असेल तर वायरिंग खोलत बसू नका. संपमधलं (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातलं) ऑइल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतोय. ऑइलची पातळी वरच्या खुणेला आणा, तरीही पडत असेल तर संपला बॅफल (ऑइलला बाजूला पळू न देणारे पत्रे) घालेपर्यंत ट्रॅक बंद.