रिट्रीव्हरला मैदानात उतरवताना या चुका टाळा

रिट्रीव्हर म्हणजे शिकारीत पाडलेला पक्षी उचलून आणणारा कुत्रा. ट्रायलमध्ये, म्हणजे या कामाच्या स्पर्धेत, कुत्रा बाद झाला की घरी परतताना सगळे त्या एका क्षणाबद्दलच बोलत राहतात. पण हुकुमाआधीच पळणं, रांगेत कुंईकुंई करणं, पक्षी हातात न देता भोवती घिरट्या घालणं ही दुखणी त्या दिवशीची नसतात. ती पिल्लूपणी आपल्याच हातून लागलेली असतात. म्हणून दोष जिथे दिसला तिथेच डागडुजी करत बसू नका. तो कधी रुजला ते शोधा आणि तिथपर्यंत मागे जा.

फेकणं फार, थांबणं कमी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चार महिन्यांचं पिल्लू डमी (सरावासाठी पक्ष्याऐवजी फेकायची वस्तू) तोंडात धरून धावत येतं, आपल्याला भरून येतं, आणि आपण वीस वेळा फेकतो. आणण्याची ओढ लॅब्रॅडोर किंवा गोल्डनच्या रक्तातच असते. शिकवायचं असतं ते थांबणं. वीस वेळा फेकून पिल्लू एकच गोष्ट पक्की शिकतं: काही उडालं की मी पळायचं.

दहा डमी टाकल्या तर सात-आठ तुम्ही स्वतः चालत जाऊन उचला आणि कुत्र्याला बसून बघू द्या. डमी हवेत असताना त्याच्या तोंडाकडे नाही, पुठ्ठ्यांकडे लक्ष ठेवा. बूड जमिनीपासून बोटभर उचललं गेलं की तो मनानं निघालेला असतो. सावध करायची वेळ तीच. एकदा पळालाच, तर डमीजवळ उभ्या असलेल्या मदतनीसानं ती आधी उचलावी, म्हणजे पळण्याचं बक्षीस मिळत नाही. तो डमी घेऊन परत येत असताना मात्र चुकूनही ओरडू नका. त्याच्या लेखी ओरडा पळण्याबद्दल नसतो, आणण्याबद्दल असतो.

ब्रिटनच्या केनेल क्लबच्या नियमांनुसार फील्ड ट्रायलमध्ये हुकुमाविना धावून जाणं, कण्हणं किंवा भुंकणं, पाण्यात न उतरणं आणि कडक तोंड (पक्षी तोंडात चिरडणं) या दोषांवर कुत्रा थेट बाद होतो. यातलं कण्हणं मला सगळ्यात अवघड वाटतं. एकदा सवय जडली की ती क्वचितच सुटते. त्यात थोडा भाग आनुवंशिक असतो, म्हणून पिल्लू निवडण्याआधी आईबापांना रांगेत बसलेलं बघा. बाकीचा भाग आपण घडवतो: तरुण कुत्र्याला दुसऱ्यांची कामं बघत तासभर बसवून ठेवतो. पहिला बारीक आवाज आला की तिथून लांब न्या. तो शांत राहू शकेल इतक्या अंतरावरून पुन्हा सुरुवात करा.

हातात देताना

चप्पल पळवली म्हणून ओरडा खाल्लेलं पिल्लू पुढे डमी घेऊन जवळ यायला बिचकतं. आला की लगेच तोंडातून हिसकावू नका. अंगावर वाकू नका, थोडं बाजूला वळा, दोन पावलं मागे सरका, छाती कुरवाळा. डमी त्याच्या तोंडात क्षणभर राहू द्या आणि मगच घ्या. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात दात बदलतात, हिरड्या दुखतात. त्या काळात रिट्रीव्ह बंद ठेवलेलेच बरे. ओढाओढीचा खेळ तर कधीच नको.

ट्रायलमध्ये जज आणलेला पक्षी तळहातावर घेऊन दोन्ही बाजूंनी बरगड्या बोटांनी चाचपतो. शाबूत पक्ष्याच्या बरगड्या कमानीसारख्या ताठ लागतात, चिरडलेल्या आत बसतात. कुत्र्याला खऱ्या पक्ष्याची पहिली ओळख करून देताना पक्षी थंड आणि अखंड असावा, रक्ताळलेला किंवा फाटलेला नको.

शिट्टी आणि वारा

थांबायची शिट्टी एक लांब, परत बोलावण्याची लागोपाठ छोट्या. हे ठरलं की बदलू नका. अ‍ॅक्मे कंपनीच्या २१०.५ किंवा २११.५ अशा ठरावीक स्वराच्या शिट्ट्या वापरण्याचं कारणच हे, की एक हरवली तरी दुसरी तशीच वाजते.

माझ्या पहिल्या लॅब्रॅडोरला मी जवळजवळ प्रत्येक रिट्रीव्हवर मध्येच थांबवत असे, सराव म्हणून. दोन महिन्यांत ती शिट्टी न वाजताही वाटेत थांबून मागे वळून माझ्याकडे बघू लागली. तिची ती नजर अजून आठवते, पुढे जाऊ की नको अशी. मग महिनाभर एकदाही थांबवलं नाही, सरळ लांब आठवणीच्या (तिनं आधी पडताना पाहिलेल्या) डमींवर सोडत राहिले, तेव्हा कुठे तिचा जोर परत आला. एकदा थांबवलं तर पुढचे पाच-सहा रिट्रीव्ह बिनव्यत्यय होऊ द्या.

ब्लाइंडवर, म्हणजे कुत्र्यानं पडताना न पाहिलेल्या पक्ष्यावर, पाठवताना वाऱ्याचा विचार न करणं ही हँडलरची, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याची, शुद्ध चूक. वारा आडवा असेल तर गंध पक्ष्यापासून वाऱ्याच्या दिशेनं वाहत जातो, म्हणून कुत्र्याला पक्ष्याच्या त्या बाजूला पाठवा. तिथे पोचून नाक खाली घालून तो शोधू लागला की शिट्टी खाली ठेवा. त्या घडीला त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आपल्या कुत्र्याला न सापडलेला पक्षी पुढच्याच्या कुत्र्यानं आणला, तर त्याला आय-वाइप म्हणतात. यातले कितीतरी हँडलरच्या उतावळ्या शिट्टीमुळे होतात.

पाणी आणि परीक्षेचा दिवस

पिल्लाला पाण्यात ढकलू नका. उतार हळूहळू असलेला काठ, ऊबदार दिवस, आणि आधी पोहणारा एखादा शांत मोठा कुत्रा पुरे. बाहेर आल्यावर अंग झटकायला तो डमी खाली टाकतो; म्हणून सुरुवातीला अगदी पाण्याच्या कडेला उभे राहा, झटकण्याआधी घ्या आणि मग दर वेळी एक-दोन पावलं मागे सरका.

घरच्या कुरणात निर्दोष असलेला कुत्रा नव्या जागी बहिरा होतो, कारण त्याला हुकूम नव्हे, ते कुरण पाठ असतं. वेगवेगळी गवतं, झाडी, उतार दाखवा. आधी डमींवर होणाऱ्या वर्किंग टेस्टला उतरा, खऱ्या पक्ष्यांच्या ट्रायलला नंतर. आदल्या आठवड्यात नवं काही शिकवू नका. त्या दिवशी आपला श्वास चढला की शिट्टीही जोरात आणि वारंवार वाजते, आणि गोंगाटी हाताळणी हा वेगळा दोष धरला जातो. सोडण्याआधी एकदा पूर्ण श्वास सोडा, पक्षी पडला त्याच्या मागचं एखादं झाड डोळ्यांनी पक्कं करा, आणि मगच हात पुढे करा.