'लूट' शब्द वापरताना या चुका टाळा

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "अमक्याचं घर लुटलं" असा मेसेज पडला की सगळी हादरतात, आणि मग कळतं की माणसं लग्नाला गेलेली, बंद घराचं कुलूप तोडून दागिने नेले. ही घरफोडी झाली. लुटीत मालक समोर असतो आणि त्याला दम देऊन, मारून माल काढून घेतात. दामदुप्पट करून देतो म्हणून कुणी गोड बोलून पैसे घेतले तर त्याला लुबाडलं म्हणा, तिथं जबरदस्ती नसते, फसवणूक असते.

दरोडा हा शब्द तर फारच सैल वापरतात. बाईकवरच्या दोघांनी गंठण ओढलं तरी "भरदिवसा दरोडा"! कायद्यात दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात, भारतीय न्याय संहितेत कलम ३१०, जबरी चोरीला म्हणजे लुटीला ३०९ आणि साध्या चोरीला ३०३. तक्रार लिहून देताना मोठा शब्द घालण्यापेक्षा किती जण होते, धाक दाखवला का, काय नेलं हे नीट सांगा, कलम पोलीस लावतील.

लिहिताना लूट दीर्घ, पण लुटीचा, लुटणं, लुटारू यात लु ऱ्हस्व. आणि प्रत्येक लूट वाईटच असंही नाही बरं का, दसऱ्याला आपण सोनं लुटतो, संक्रांतीला बायका वाण लुटतात म्हणजे उलट वाटतात, "यंदा काय लुटलंस?" याचा अर्थ काय वाटलंस असा.

सगळ्यात जपून वापरायची जागा म्हणजे प्रतिसरकार, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात सातारा भागात इंग्रजांविरुद्ध चालवलेलं समांतर सरकार. ७ जून १९४३ ला कराड तालुक्यात शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं, म्हणजे त्यांच्या लढाऊ दलानं, पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली, जी. डी. बापू लाड त्यात पुढं होते, आणि आपण सर्रास "ट्रेन लुटली" लिहितो. त्या हल्ल्यात असलेले कुंडलचे कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड यांना हा शब्द अजिबात मान्य नव्हता, त्यांचं म्हणणं होतं की इंग्रजांनी लोकांचे चोरलेले पैसे आम्ही परत आणले. आणि ते पटतं, कारण लुटारू स्वतःचा खिसा भरतो, इथं पैसा चळवळीला आणि गोरगरिबांना गेला. त्यामुळं पोरांना शाळेचं भाषण लिहून देताना "खजिना ताब्यात घेतला" असं लिहा.