आयव्हीएफची इंजेक्शनं चालू असताना कशावर लक्ष ठेवायचं

इंजेक्शनं सुरू झाली की पोट फुगणं, डोकं दुखणं, उगाच रडू येणं, टोचलेल्या जागी काळंनिळं पडणं हे बऱ्याच जणींना होतं, त्याचं फार टेन्शन घेऊ नका. सांभाळायचं ते ओएचएसएसला, म्हणजे औषधांमुळे ओव्हरीज प्रमाणाबाहेर सुजतात आणि रक्तातलं पाणी झिरपून पोटात साठतं. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल, एएमएच (ओव्हरीत अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) जास्त असेल किंवा वय कमी असेल तर शक्यता वाढते, म्हणून आधीच विचारून ठेवा की माझी रिस्क किती, ट्रिगरला (अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) एचसीजी या हार्मोनऐवजी दुसरं काही चालेल का, आणि अंडी खूप निघाली तर एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार झालेला गर्भ) फ्रीज करून ट्रान्सफर, म्हणजे तो गर्भाशयात सोडणं, पुढे ढकलता येईल का.

घरी काय करायचं तर ट्रिगरपासून रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं, बेंबीवरून टेप लावून पोट मोजायचं आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवायचं. फोनवर नुसतं "पोट जड वाटतंय" म्हटलं की "होतं हो तसं" एवढंच ऐकायला मिळतं, पण "कालपासून दीड किलो वाढलंय आणि सकाळपासून लघवीला एकदाच झालीये" असं सांगितलं की बोलणंच बदलतं. एका दिवसात 1 किलोच्या वर वजन वाढलं, उलट्या थांबेनात, दम लागला, किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली (रक्ताची गुठळी असू शकते) तर सकाळची वाट बघू नका. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आली तरी तसंच, सुजलेल्या ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो. रात्रीचा इमर्जन्सी नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या.

आणि ट्रान्सफर झाली म्हणून वजन बघणं सोडू नका, गर्भ राहिला तर त्याच्याच एचसीजीमुळे हा त्रास नंतरही उफाळतो.

एग पिकअपनंतर, म्हणजे अंडी बाहेर काढल्यावर, थोडे डाग चालतात, ताप किंवा पॅड भिजेल इतकं ब्लीडिंग चालत नाही. पेनकिलर मनाने घेऊ नका.

गर्भ टिकायला देतात त्या प्रोजेस्टेरॉनने छाती दुखते, झोप येते, पोट साफ होत नाही, म्हणजे हुबेहूब प्रेग्नन्सीसारखंच, त्यामुळे त्यावरून अंदाज बांधत बसू नका. घरची टेस्टही घाईने नको, ट्रिगरचं एचसीजी अंगात असेल तर खोटी पॉझिटिव्ह येते.

"दोन एम्ब्रियो टाका, जुळी झाली तर बरंच" हे मला अजिबात पटत नाही, जुळ्यांत बाळं लवकर जन्मण्याचा आणि आईचं बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा एकच टाकता येईल का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.