खाडीच्या पाण्यातली कृत्रिम कस्तुरी: नमुना कसा घ्यावा

गॅलॅक्सोलाइड आणि टोनालाइड ही कस्तुरीच्या वासाची कृत्रिम द्रव्यं साबण, शाम्पू, डिटर्जंटमधून सांडपाण्यात आणि तिथून खाडीत उतरतात. पाण्यात ती लिटरमागे नॅनोग्रॅमच्या हिशेबात असतात, तर हाताला लागलेल्या क्रीमच्या ठिपक्यातही त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे आदल्या दिवसापासूनच अत्तर, डिओडरंट, सनस्क्रीन, सुगंधी साबण बंद. सगळ्यांना विसर पडतो तो कपड्यांच्या फॅब्रिक कंडिशनरचा.

बाटल्या 1 लिटरच्या, तपकिरी काचेच्या. त्या आणि अॅल्युमिनियम फॉइल भट्टीत 450 अंश सेल्सिअसला 4 तास भाजा. टेफ्लॉन अस्तराची झाकणं भाजू नका, मिथेनॉलने धुवा. प्लास्टिकची बाटली नकोच. ही द्रव्यं तिच्या भिंतीत मुरतात आणि आकडा खोटाच कमी येतो.

होडीचं इंजिन बंद करा, नाळ पाणी येतं त्या दिशेला ठेवून पुढच्या टोकाला बसा. वरच्या तेलकट तवंगात ही द्रव्यं साठतात, म्हणून बंद बाटली 30 सेंटिमीटर खाली नेऊन तिथेच उघडा, तिथेच बंद करा. एरवी बाटली नमुन्याच्याच पाण्याने तीनदा विसळतात, तसं इथे करू नका: दर विसळणीत थोडी कस्तुरी काचेला चिकटून राहते. याच कारणाने प्रयोगशाळेत अख्खी बाटली वापरा आणि रिकामी झाल्यावर तीही द्रावकाने खंगाळून ते द्रावक नमुन्यात मिळवा.

एकाच जागचा नमुना फारसं काही सांगत नाही. गोड्या पाण्यापासून समुद्रापर्यंत पाच-सहा ठिकाणी, दर वेळी क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) मोजून घ्या. क्षारतेसमोर प्रमाण मांडल्यावर सरळ रेष आली तर निव्वळ समुद्राच्या पाण्याने पातळ होणं. रेष खाली झुकली तर द्रव्य गाळात बसतंय, हवेत जातंय किंवा विघटित होतंय. वर फुगली तर मध्येच सांडपाण्याचं तोंड असावं. नदीतून येणारं प्रमाण तासातासाला बदलत असेल तर मात्र ही रेष फसवते.

बाहेरून किती कस्तुरी मिसळली ते कळावं म्हणून शुद्ध पाण्याची एक बाटली जागेवर तेवढाच वेळ उघडी ठेवा. तिच्यात गॅलॅक्सोलाइड नमुन्याच्या जवळपास निघालं, तर ती फेरी बाद.

गढूळ पाणी 0.7 मायक्रॉनच्या काचतंतू फिल्टरमधून गाळा, पण फिल्टर फेकू नका. बराचसा माल गाळाच्या कणांवर असतो. सगळं अंधारात, 4 अंशांवर. निष्कर्षण, म्हणजे द्रावकाने द्रव्यं पाण्यातून काढून घेणं, 7 दिवसांत.

जीसी-एमएसवर (द्रव्यं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) आणखी एक खाचखळगा: दोन्ही द्रव्यांचं रेण्वीय वस्तुमान 258, मुख्य आयनही (रेणू फुटून होणारा विद्युतभारित तुकडा) 243च, आणि आलेखावरची शिखरं अगदी शेजारी. आधी प्रत्येकाचं शुद्ध मानक (तुलनेसाठीचा ओळखीचा नमुना) वेगवेगळं चालवा, मगच नावं लावा.