ब्रिटनच्या राजाचा खासगी प्रवास आखताना

आधी ठरवा, प्रवास देशातला की परदेशातला. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या बालमोरल या राजाच्या निवासस्थानी जायचं असेल तर फार अडचण नाही. संसदेला सुट्टी असते, सरकारी कागदपत्रांच्या लाल पेट्या तिकडेच जातात आणि प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाची, बैठकही तिथे घेता येते. २८ ऑगस्ट २०१९ ला संसद तहकुबीचा आदेश बालमोरललाच मंजूर झाला होता.

परदेशाचा बेत असेल तर १९३७ च्या रीजन्सी कायद्यानुसार अधिकारपत्र काढून 'कौन्सेलर्स ऑफ स्टेट', म्हणजे राजाच्या गैरहजेरीत त्याचं काम पाहणारे प्रतिनिधी, नेमावे लागतात. यात राजाची पत्नी आणि वारसाक्रमातले पहिले चार सज्ञान येतात. २०२२ च्या कायद्याने राजाची भावंडं ॲन आणि एडवर्ड यांचीही भर पडली. सह्या साधारणपणे दोघांनी मिळून करायच्या असतात. राणी राजासोबत गेली की तिचं नाव गळतं आणि त्याच आठवड्यात युवराजही परदेशी असेल तर त्याचंही. म्हणून विमान ठरवण्याआधी साऱ्यांच्या डायऱ्या एकत्र मांडा. घोळ होतो तो बहुधा इथेच.

विधेयकांवरची संमती, प्रिव्ही कौन्सिलची बैठक, राजदूतांची ओळखपत्रं हे सगळं या कौन्सेलर्सवर सोपवता येतं. सरदारकी मात्र ते देऊ शकत नाहीत आणि राजाच्या स्पष्ट सूचनेशिवाय संसदही विसर्जित करू शकत नाहीत. फेब्रुवारी १९७४ मध्ये एलिझाबेथ राणी दौऱ्यावर असताना तिच्या सूचनेवरून राजमाता आणि राणीची बहीण मार्गारेट यांनी संसद विसर्जित केली. राणी २८ तारखेला कॅनबेराला ऑस्ट्रेलियाच्या संसदेचं उद्घाटन करून दौरा अर्धवट सोडून परतली, कारण त्याच दिवशी ब्रिटनमध्ये मतदान होतं आणि पंतप्रधान नेमण्याचं काम दुसऱ्यावर टाकण्यासारखं नाही.

याचं उलटं उदाहरण १९०८ चं. सातवा एडवर्ड फ्रान्समध्ये बिआरित्झला सुट्टीवर होता. पंतप्रधान कॅम्पबेल-बॅनरमन यांनी राजीनामा दिला, तरी राजा परतला नाही. त्यांच्या जागी येणाऱ्या ॲस्क्विथ यांनाच पंतप्रधानपद स्वीकारायला तिथे जावं लागलं. टीका झाली आणि ती योग्यच होती.

आता संसदेच्या विसर्जनापासून मतदानापर्यंत कामाचे २५ दिवस असतात. या काळात लांबचा बेत नकोच. मतदानाचा दिवस आणि त्यानंतरचे दहा-बारा दिवस तर पूर्ण मोकळे ठेवा, कारण त्रिशंकू निकालात बोलणी लांबतात.

संसदेच्या उद्घाटनाचा दिवसही सुट्टीसाठी हलवू नये. एलिझाबेथ राणी ७० वर्षांत तीनदाच गैरहजर राहिली. १९५९ आणि १९६३ ला ती गरोदर होती, २०२२ ला प्रकृतीमुळे चार्ल्सने भाषण वाचलं.